युनिट चौदा

ऑर्टन्स बोलियो एकतीस वर्षांनी घर सोडून गेली,
म्हणजे तिला नेलं, नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात,
आणि दुरुस्ती समितीची चिटणीस म्हणून
चावी माझ्याकडे आली.

विनिपेगचा फेब्रुवारी. उणे एकतीस.
दाराशी मिठाचे पांढरे नकाशे,
कितीतरी हिवाळ्यांच्या बुटांनी काढलेले.
माझ्या फॉर्मवर दोनच रकाने:
'वापरानं झिजलं' आणि 'सभासदानं खराब केलं'.
आमच्या नियमात कार्पेटचं आयुष्य बारा वर्षं.
हे एकोणीस वर्षांचं.
मी पहिल्या रकान्यात खूण केली, पेन खिशात टाकलं.

बोहदाननं कोपरा धरून ओढला.
कार्पेटखाली कुजका फोम, फोमखाली लिनोलियम,
त्याचा तुकडा तपासायला पाठवून नऊ दिवस थांबलो.
ॲस्बेस्टॉस नाही, असा कागद आला.
मग तेही उपटलं.
खाली प्लायवूड, उघडं,
आजारी माणसाच्या पाठीसारखं.

लेव्हल ठेवली तर नळीतला बुडबुडा
सरळ खिडकीकडे पळाला.
नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात,
इथं मात्र अंगण खरोखरच वाकडं होतं,
आणि ही बाई त्यावर एकतीस वर्षं
हातातला कप न सांडता चालली.

सभेत आधीच भांडून झालं होतं.
कार्पेट की व्हिनाइल, अकरा विरुद्ध नऊ.
क्रिसांतो उठून म्हणाला होता, खाली कॉर्क घाला,
खालच्यालाही झोप असते.
खजिनदारानं कॉर्कचा भाव सांगितला.
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग कॉर्क मंजूर.

खालचा म्हणजे लॉर्न फ्रीसन, युनिट आठ.
माझ्या फायलीत त्याच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या आहेत,
सगळ्या एकाच तिरक्या अक्षरात:
रात्री तीन वाजता वर करकरतं.
पुन्हा करकरलं.
कृपया काहीतरी करा.

फळ्यांची खोकी आली. ती लगेच लावायची नसतात.
दोन दिवस खोलीत नुसती पडू द्यायची,
घराची हवा त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत.
तेवढ्यात बोहदान म्हणाला, आधी करकर बंद करू.
पण ती नेमकी कुठून येते?
आम्ही दोघं धपाधप चालून पाहिलं. घर गप्प.
भरल्या घरात बोलणारं लाकूड
रिकाम्या घरात तोंड उघडत नाही.

शेवटी खाली जाऊन दार वाजवलं.
लॉर्ननं काहीच विचारलं नाही.
झाडू उलटा धरला
आणि आपल्या छताला दांड्यानं ठोकलं. एकदा.
वर बोहदाननं तिथं स्क्रू पिळला.
मग चार पावलं स्वयंपाकघराकडे, पुन्हा ठोका.
नळाजवळ दोन.
मग दांडा छताला टेकवूनच तो हळूहळू सरकला,
खिडकीशी आला, थांबला.
"इथं ती बराच वेळ उभी राहायची," म्हणाला.
"वीस-वीस मिनिटं. मग परत."
डोळे मिटून ठोकत होता तो,
पाठ असलेलं स्तोत्र म्हणावं तसा.

सव्वीस स्क्रू गेले.
मी वर जाऊन तिची वाट चालून पाहिली,
पलंग, नळ, खिडकी, पलंग.
शांत.
मग सहज भिंतीकडच्या बाजूला पाय टाकला
आणि फळी केवढ्यानं करकरली.

"लॉर्न, ही राहिली!" मी जिन्यातून ओरडले.
तो झाडू घेऊन दारात उभा होता.
"तिथली मला माहीत नाही," म्हणाला.
"पलंगाच्या त्या बाजूनं कुणी उतरलंच नाही कधी."

बोहदाननं माझ्याकडे पाहिलं.
मग सत्ताविसावा स्क्रू काढला.

फळ्या लावल्या. भिंतीपासून बोटभर जागा सोडली,
उन्हाळ्यात फुगायला.
एक तारखेला लेतेब्रहान आणि तिची तीन मुलं आली,
प्रतीक्षा यादीत सहा वर्षं काढून.
मी नियम वाचून दाखवले:
खुर्च्यांच्या पायांना नमदा लावा,
पोछा घट्ट पिळून घ्या, बूट दाराशी.
सगळ्यात धाकटा तोवर मोज्यांनिशी
खिडकीपर्यंत घसरत गेला होता, उताराच्या दिशेनं.

काल माझ्या पेटीत चिठ्ठी होती.
तेच तिरकं अक्षर.
युनिट चौदामध्ये दिवसभर पळापळ.
तारीख, वेळ, सही.
खाली तक्रारीची ओळ कोरी.